फुली

स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी चार शब्द’ लिहून पाठवा, असं पत्र आलं. चार शब्दांत मैदान, स्नेहसंमेलन, वाचनालय सगळंच यायला हवं, पण ते बाकीचे लिहितीलच. मी मराठीच्या बाईंविषयी लिहिणार आहे. कोणत्या बाई, हे आपल्यात कुणाला सांगावं लागणार नाही.

सहावी-सातवीला बाई आम्हाला होत्या. नवा धडा निघाला की पहिल्या दिवशी फक्त बाईंचा आवाज. पुस्तकं मिटलेली, पेन्सिली खाली. मध्येच थांबून शब्दार्थ नाहीत, ‘समजलं का?’ नाही. वाचून झालं की बाई खिडकीबाहेर बघत राहायच्या आणि आम्हीही गप्प. ती दोन मिनिटं सांभाळणं किती अवघड असतं, हे आता स्वतः वर्गावर उभी राहते तेव्हा कळतं.

दुसऱ्या दिवशी पेन्सिली बाहेर यायच्या. आवडलं तिथे रेघ, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, पटलं नाही तिथे फुली. पुस्तकं पुस्तकपेढीची, त्यामुळे वर्षाच्या शेवटी सगळं खोडून परत करायचं. रेघा सगळेच मारत. प्रश्नचिन्हं हुशार मुलं टाळत. फुली मारायला मात्र कुणी धजत नसे, कारण छापलेलं न पटून कसं चालेल? मारलीच तर बाई एवढंच विचारायच्या, “कशावरून?” मग धड्यातलीच ओळ वाचून दाखवावी लागे. नुसतं ‘मला असं वाटतं’ चालत नसे. गाईडमधलं उत्तर तर बाईंना पहिल्या तीन शब्दांत ओळखू यायचं.

कविता असली की कवीच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायला लावायच्या. थोरामोठ्याचं नाव दिसलं की तुम्ही कविता वाचतच नाही, हात जोडता, म्हणायच्या. पुढे एम.ए.ला वाचलं की केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकांनी हेच केलं होतं. विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता दिल्या, त्यांच्याकडून अभिप्राय लिहून घेतले आणि 1929 साली ते सगळं पुस्तकरूपाने मांडलं. भलीभली मुलं त्यात घसरली होती. बाईंनी रिचर्ड्स वाचला होता की पट्टी त्यांना आपली आपण सुचली, हे विचारायचं राहून गेलं.

आता तो धडा. नाव विसरले. एक मुलगा आपल्या आईविषयी सांगतो आहे आणि पहिल्याच परिच्छेदात म्हणतो, आई मला कधी रागावली नाही. बाईंनी विचारलं, “आई कशी आहे?” अख्खा वर्ग म्हणाला, प्रेमळ. बाईंनी मला उभं केलं.

“कशावरून?”

“धड्यात लिहिलंय, बाई.”

“कुणी लिहिलंय?”

“लेखकाने.”

“लेखकाने, की त्या मुलाने?”

मला काही कळेना. लिहिणारा एक आणि सांगणारा दुसरा, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी पुस्तकात डोकं खुपसलं, पान उलटलं आणि बराच वेळ काढून म्हणाले, “बाई, इथे तो म्हणतो, दारात आईची चाहूल लागली की मी गोष्टीचं पुस्तक उशीखाली सारत असे. रागावत नव्हती तर लपवायचं कशाला?”

बाईंनी खडू खाली ठेवला. “पुन्हा वाच,” म्हणाल्या. मी वाचलं. मग म्हणाल्या, “आई कशी आहे ते राहू द्या. हा मुलगा आपल्याला असं का सांगतोय?” उरलेला तास त्यावर गेला. कुणी म्हणालं तो घाबरट आहे, कुणी म्हणालं त्याला आई चांगली दाखवायची आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, आई आता नसेल. त्यावर कुणीच बोललं नाही. प्रश्नोत्तरं राहिली ती राहिलीच. अभ्यासक्रम मागे पडतो अशी पालकांची तक्रार असायची. असेल बापडी.

बाईंनी ही गोष्ट शिक्षकखोलीत सांगितली. त्यानंतर मी ‘वाचणारी मुलगी’ झाले, आणि तेच पुढे माझं पोट झालं. गेली 19 वर्षं मी सातवीला मराठी शिकवते, नव्या शिक्षकांची प्रशिक्षणंही घेते. तिथे हल्ली दिसतं ते असं: ओळीत ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ दिसला की उपमा, गुण मिळाले, पुढचा प्रश्न. बाई ‘जणू’पासूनचा भाग झाकून ओळ वाचायला सांगत आणि विचारत, “काय गेलं?” अलंकाराचं नाव फळ्यावर यायचं ते तासाच्या शेवटी. माझ्या प्रशिक्षणात मी हे करून दाखवते, टाळ्याही पडतात, आणि वर्गात पुन्हा ‘जणू’ शोधणं सुरू होतं.

एक गोष्ट मात्र बाईंना कधी सांगितली नाही. पान उलटलं तेव्हा मी काहीच शोधत नव्हते, वेळ काढत होते. उशीच्या त्या ओळीपाशी माझा अंगठा अडखळला. समासात खोडलेल्या फुलीचा खळगा होता. आधी कुणीतरी पेन्सिल चांगलीच दाबून ती मारली होती. पुस्तक माझ्याकडे येण्याआधी ते ज्यांच्याकडे होतं, ते कदाचित ही स्मरणिका वाचत असतील. बाई, ती फुली माझी नव्हती.