टंगस्टनमध्ये अडकलेला हायड्रोजन

धातूत अडकलेला हायड्रोजन मोजणं हे माझं काम आहे असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: टंगस्टनसारख्या कठीण धातूत वायू शिरतोच कसा? आणि शिरला तर तापवून काढून का टाकत नाहीत? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खरं तर टंगस्टनला हायड्रोजन नकोच असतो. पॅलेडियम तो भराभर शोषून घेतं. टंगस्टनमध्ये तो विरघळवायला वरून ऊर्जा द्यावी लागते. शिवाय टंगस्टन वितळतं 3422 अंश सेल्सियसला. फ्रान्समध्ये कादाराशला उभ्या राहत असलेल्या इटर या फ्यूजन यंत्राच्या (हलक्या अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या यंत्राच्या) आतल्या भिंतींसाठी ते निवडलं, ते यामुळेच.

पण प्लाझ्मातले, म्हणजे यंत्रातल्या अतितप्त वायूतले, हायड्रोजनचे आयन (विद्युतभारित अणू) विरघळायची वाट बघत नाहीत. ते वेगानं आदळतात आणि काही नॅनोमीटर आत घुसतात. त्यातले बहुतेक अणूंमधल्या फटींतून फिरत पुन्हा पृष्ठभागावर येतात आणि निघून जातात. धड रस्त्यावरचं पाणी वाहून जातं, खड्ड्यातलं साचतं. तसंच इथंही, स्फटिकातला एखादा अणू जागेवर नसेल तर त्या रिकाम्या जागेत हायड्रोजन बसतो. एका जागेत पाच-सहा अणूसुद्धा मावतात.

हे खड्डे पाडतात मुख्यतः न्यूट्रॉन. टंगस्टनचा एक अणू जागचा हलवायला साधारण 90 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. फ्यूजनमधला न्यूट्रॉन 1.41 कोटी घेऊन येतो. तसा न्यूट्रॉनचा मारा प्रयोगशाळेत मिळत नाही, म्हणून आम्ही टंगस्टनवर टंगस्टनचेच आयन मारतो, मग नमुना ड्युटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, प्लाझ्मात ठेवतो. इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: ड्युटेरियम आधीच बसलेलं असेल तर खड्डे सहजी बुजत नाहीत. म्हणजे मारा आणि भरणा एकाच वेळी झाला, तर नुकसान जास्त टिकतं. खऱ्या यंत्रात तर दोन्ही एकाच वेळी होणार.

आता तापवण्याचं. नखाएवढा नमुना निर्वात नळीत ठेवून तापमान संथपणे चढवत नेलं, की मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या उपकरणावर) वस्तुमान 4 ची रेषा उठायला लागते; ते जोडीजोडीनं बाहेर येणारं ड्युटेरियम. सैल अडकलेलं लवकर सुटतं. पोकळ्यांच्या पुंजक्यांतलं पाचशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत दाद देत नाही. इटरच्या डायव्हर्टरचं, म्हणजे पात्राच्या तळाशी सर्वाधिक मारा झेलणाऱ्या भागाचं, तापवणं मात्र 350 अंशांपर्यंतच ठरलेलं आहे.

हा हिशेब महत्त्वाचा आहे तो ट्रिटियममुळे. हा हायड्रोजनचाच आणखी जड प्रकार, ड्युटेरियमच्या जोडीनं फ्यूजनचं इंधन. ते किरणोत्सारी आहे, दुर्मीळही आहे, आणि भिंतीत गेलेलं इंधन म्हणून हाताशी राहत नाही. इंग्लंडच्या जेट या फ्यूजन यंत्रात 1997 मध्ये 35 ग्रॅम ट्रिटियम सोडलं होतं. साफसफाईनंतरही सुमारे 6 ग्रॅम आतच राहिलं. तेव्हा भिंती कार्बनच्या होत्या, त्या मानानं टंगस्टन कितीतरी बरं. तरी इटरच्या पात्रात एक किलोहून जास्त ट्रिटियम साचू द्यायचं नाही, असं बंधन आहे.

मला आशा वाटते ती अदलाबदलीची. खड्डा जितका भरत जातो, तितकी त्यातल्या प्रत्येक अणूवरची पकड ढिली होते. म्हणून साध्या ड्युटेरियमचा मारा केला, की नवे अणू आत शिरतात आणि ट्रिटियम एरवीपेक्षा कमी तापमानालाच सुटतं. पृष्ठभागाजवळ हे लवकर होतं. खोलवर मात्र फार वेळ लागतो.