कलम 156

आज दुपारी वाचता वाचता एका वाक्यापाशी बोट थांबले: सेनापतीने युद्धाचा भार शक्य तितका सरकारशी निष्ठा नसलेल्या नागरिकांवर टाकावा.

अमेरिकी यादवी युद्धात, 24 एप्रिल 1863 रोजी, लिंकन सरकारने आपल्या सैन्यासाठी काढलेल्या लिबर संहितेतील, म्हणजे युद्धनियमांच्या संग्रहातील, हे कलम. याच संहितेचे 56वे कलम युद्धकैद्याला सूडापोटी उपाशी ठेवण्यास किंवा छळण्यास स्पष्ट मनाई करते.

म्हणजे बंदूक घेऊन समोर आलेल्याला निदान कागदावर तरी संरक्षण होते. पण बंडखोर प्रांतात घरी बसून निष्ठेची शपथ नाकारणाऱ्याला हद्दपारी, तुरुंग किंवा दंड होऊ शकत होता आणि शपथ मागायची की नाही, हे सेनापती किंवा त्याचे सरकारच ठरवणार होते.

केवळ घर वाचवण्यासाठी शपथ घेणारा त्यांना कसा ओळखू आला असेल?