उन्हाळ्यात गाडी का ओढत नाही

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही नागपूरहून अमरावतीला निघालो होतो. गाडीत चार माणसे, मागे सामान, एसी पूर्ण वेगावर आणि बाहेर ४५ अंशांचे ऊन. कोंढाळीच्या पुढे एका चढावर भरलेल्या ट्रकला मागे टाकण्यासाठी मी चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, पण डिसेंबरात याच चढावर गाडी ज्या जोमाने पुढे जात असे, तो जोम काही केल्या येईना. तिसरा गिअर टाकला, तेव्हा कुठे ट्रक मागे पडला. शेजारी बसलेल्या बाबांनी एवढेच म्हटले, ‘‘गाडीला ऊन लागलं आहे.’’ मला ते तेव्हा पटले नाही. परत आल्यावर मी गाडी एका वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथे इंजेक्टर साफ करण्याचा, थ्रॉटल बॉडी धुण्याचा, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलण्याचा सल्ला मिळाला. मी तो मानला, बिल भरले आणि गाडी होती तशीच राहिली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि कोणीही हात न लावता ती पुष्कळशी मोकळी झाली. तेव्हापासून हा विषय मी नीट समजून घेत आलो आहे, कारण माझ्यासारखे अनेक जण दर उन्हाळ्यात हवेच्या दोषाचे पैसे गाडीवर खर्च करत असावेत, असे मला वाटते.

पेट्रोल इंजिनाला आपण इंधनावर चालणारे यंत्र म्हणतो, पण त्याची ताकद ठरते ती मुख्यतः त्याने ओढलेल्या हवेवर. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजेक्टर हवे तेवढे पेट्रोल देऊ शकतो, हवा मात्र सिलिंडरच्या मापाइतकीच आत येते. माझ्या गाडीचे इंजिन १.२ लिटरचे आहे. मिनिटाला ३००० फेऱ्या होत असताना आणि थ्रॉटल, म्हणजे आत येणाऱ्या हवेची झडप, पूर्ण उघडलेले असताना ते हिशेबाने मिनिटाला १८०० लिटर हवा ओढू शकते. हे १८०० लिटर जानेवारीतही तेवढेच आणि मे महिन्यातही तेवढेच, पण त्यांचे वजन सारखे नसते. हवा तापली की पसरते, विरळ होते. जानेवारीच्या पहाटे नागपुरात १० अंश तापमान असताना या १८०० लिटर हवेचे वजन २.१७ किलोच्या आसपास भरते. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांना तेच वजन १.९१ किलोवर येते. म्हणजे पहिल्या हवेत मिनिटाला सुमारे १४८ ग्रॅम पेट्रोल जळू शकते आणि दुसऱ्या हवेत सुमारे १३०. माणसाने श्वास तेवढाच खोल घ्यावा आणि त्यातला प्राणवायूच कमी असावा, तशी ही स्थिती आहे. मनाशी धरायचे असेल, तर तापमान तीन अंशांनी वाढले की हवेची घनता साधारण एक टक्क्याने घटते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

मात्र घनता १२ टक्क्यांनी घटली म्हणून ताकदही तेवढीच घटते असे नाही, आणि हा बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. थंड हवा तापलेल्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांतून, आणि व्हॉल्व्हवरून आत जाताना पुष्कळ उष्णता उचलते. मुळातच तापलेली हवा त्यामानाने कमी उचलते, त्यामुळे सिलिंडरमध्ये पोहोचेपर्यंत दोन्हींतले अंतर थोडे कमी झालेले असते. इंजिनाची शक्ती मोजण्याच्या आयएसओ १५८५ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत हे गृहीत धरलेले आहे. तिथे प्रमाण तापमान २५ अंश आणि कोरड्या हवेचा प्रमाण दाब ९९ किलोपास्कल मानतात. पेट्रोल इंजिनासाठी तापमानाच्या गुणोत्तराचा ०.६ वा घात घेतात, दाबाच्या गुणोत्तराचा १.२ वा. दाबाचा फरक तापमानाच्या फरकापेक्षा अधिक जाचक असतो, हे या दोन आकड्यांतच दिसते. हे सूत्र थोडे ताणून नागपूरच्या ४५ अंशांना आणि समुद्रसपाटीपासूनच्या सुमारे ३१० मीटर उंचीला लावले, तर माहितीपत्रकात ९० अश्वशक्ती लिहिलेली गाडी आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी ८३ च्या आसपास देते. त्यातून एसीचा कॉम्प्रेसर भर उन्हात तीन-चार अश्वशक्ती सहज खातो. चार माणसे आणि सामान घेऊन चढ चढणाऱ्या लहान गाडीला एवढी घट चटकन जाणवते.

यात आणखी एक भर पडते आणि माझ्या मते चालकाला खरी बोचते ती हीच. आत आलेली हवा आधीच तापलेली असेल, तर पिस्टनने दाबल्यावर ती आणखी तापते आणि स्पार्कने पेटवलेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकण्याची शक्यता वाढते. यालाच नॉकिंग म्हणतात. लोखंडी डब्यात खडे हलवावेत तसा तो आवाज असतो. आजकालच्या गाड्यांत तो बहुधा ऐकू येत नाही, कारण नॉक सेन्सरने चाहूल लागताच ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, स्पार्क थोडा उशिरा देऊ लागतो. इंजिन वाचते, पण उशिरा पेटलेल्या मिश्रणाचा जोर पिस्टनला पुरता मिळत नाही. म्हणजे गाडी स्वतःला जपत असते आणि आपल्याला वाटते की ती आजारी आहे.

वर्कशॉपच्या त्या अनुभवानंतर मी ओबीडीच्या, म्हणजे गाडीतल्या तपासणीसाठीच्या, खाचेत बसणारा एक छोटा ॲडॉप्टर घेतला. तो फोनला जोडला की इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान पडद्यावर दिसते. त्याने मला पुष्कळ शिकवले. दुपारी सीताबर्डीच्या सिग्नलवर गाडी उभी असताना आकडा एकेका अंशाने चढत जातो. बाहेर ४४ असताना मी तो ६३ पर्यंत गेलेला पाहिला आहे. उभ्या गाडीत रेडिएटरचा पंखा तापलेली हवा बॉनेटखाली लोटत राहतो आणि इंजिन आपल्याच अंगाच्या वाफा पुन्हा ओढत बसते. सिग्नल सुटला की पहिल्या शंभर-दोनशे मीटरांत गाडी जड वाटते, मग ताजी हवा शिरू लागते, आकडा उतरतो आणि चाल सुधारते. टर्बो गाड्यांत हा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. टर्बो हवा दाबतो तेव्हा तिचे तापमान १०० अंशांच्या पलीकडे जाऊ शकते, ती इंटरकूलरमधून गार करून आत सोडतात. पण इंटरकूलर हवेला बाहेरच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, त्यामुळे बाहेरच ४५ अंश असतील तर त्याचाही इलाज अपुरा पडतो.

थंड हवेच्या ठिकाणी गाडी चांगली पळते, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना हे मला नेहमी आठवते. घाट चढून वर आले की वाऱ्यात गारवा येतो, आपण काचा खाली करतो, जीव सुखावतो. इंजिनाचा हिशेब मात्र निराळा असतो. परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत उंची साधारण ७५० मीटरने वाढते. तापमान त्यामुळे सुमारे पाच अंशांनी उतरते आणि घनतेत जेमतेम दीड टक्का परत मिळतो. पण हवेचा दाब आठेक टक्क्यांनी घटलेला असतो. गारव्याने दिले त्याच्या कितीतरी पट उंचीने नेले. म्हणून घाटाच्या शेवटच्या वळणांवर गाडी दम टाकते ती केवळ चढामुळे नव्हे. इथे टर्बो गाडीला खरा फायदा असतो, कारण विरळ हवा दाबून ती ही तूट बरीचशी भरून काढते.

दमटपणाबद्दल थोडक्यात सांगतो. माझी धाकटी बहीण रत्नागिरीला असते आणि तिथली पावसाळी हवा जड आहे म्हणून गाडी जड चालते, असे तिचे म्हणणे. शरीराला तसे वाटते खरे, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. जुलैत २८ अंशांना आर्द्रता ९० टक्के असेल, तर हवेतील सुमारे साडेतीन टक्के जागा वाफेने अडवलेली असते आणि तेवढा प्राणवायू कमी मिळतो. नुकसान एवढेच, उलट वाफेमुळे ज्वलन जरा मंदावते आणि नॉकिंगला आळा बसतो. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर गाडी सुधारते, ती तापमान एकदम १५ अंशांनी उतरल्यामुळे. त्या उतारापुढे वाफेची वजावट किरकोळ ठरते.

हिवाळ्यात ताकद वाढते, पण मायलेज मात्र बहुधा वाढत नाही, आणि याचे पुष्कळांना नवल वाटते. इंजिन गार असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून ईसीयू पहिली काही मिनिटे जास्त पेट्रोल सोडतो. ऑइल घट्ट असते, गिअरबॉक्समधलेही. टायरमधला दाब दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआयने उतरतो, आणि बाहेरची दाट हवा गाडीला पुढून अडवतेही जास्त. मुलांना शाळेत सोडण्याच्या तीन किलोमीटरच्या फेरीत तर इंजिन पुरते तापायच्या आधीच घर येते. ऑइलच्या डब्यावरील ५डब्ल्यू-३० यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ते ऑइल थंडीत लवकर वाहते. नागपूरची थंडी त्या मानाने सौम्यच. लडाखमध्ये साधे डिझेल हिवाळ्यात मेणासारखे थिजते, म्हणून इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल २०१९ मध्ये आणले.

बाबांचे ते ‘ऊन लागलं आहे’ हे वाक्य त्यांच्या प्रीमियर पद्मिनीच्या दिवसांतले होते. त्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनाला खेटून बसवलेला असे आणि तो टाकीतून पेट्रोल ओढून घेई. उन्हाळ्यात पंप आणि नळी एवढी तापत की पेट्रोल तिथेच उकळे, वाफेचा बुडबुडा अडकून बसे आणि गाडी भर रस्त्यात बंद पडे. बाबांच्या सीटखाली एक जुना पंचा आणि पाण्याची बाटली कायम असायची. झाडाची सावली बघून ते गाडी लावत, बॉनेट उघडत, पंचा भिजवून पिळत आणि घडी करून पंपावर ठेवत. त्यातून उठणारी वाफ आणि तापल्या लोखंडावर पडलेल्या पाण्याचा चर्र आवाज मला आजही आठवतो. दहा मिनिटांनी गाडी सुरू होई. आताच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल साधारण तीन वातावरणांच्या दाबाने पुढे ढकलतो, त्यामुळे ते सहसा नळीत उकळत नाही. जुन्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला हवा विरळ झाल्याचेही कळत नसे. तो पेट्रोल जास्तच देई आणि घाटात मागून काळा धूर निघे. आता हवेचा दाब आणि तापमान मोजून पेट्रोलचे माप क्षणाक्षणाला बदलते. धूर येत नाही आणि गाडी थांबत नाही. ताकद तेवढी मुकाट्याने कमी होते, आणि म्हणूनच कारण ओळखणे अवघड झाले आहे.

हवेचा दोष आणि गाडीचा दोष वेगळा काढण्याची माझी रीत साधी आहे. दुपारी जड वाटणारी गाडी मी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, एसी बंद ठेवून, त्याच रस्त्यावर चालवतो. ती मोकळी चालली, तर वर्कशॉपला जात नाही. पहाटेही ओढली नाही, मिसिंग, म्हणजे मधूनच बसणारे झटके, जाणवले, इंजिनाचा दिवा लागला किंवा कूलंटचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला, तर मात्र एक दिवसही थांबत नाही. उन्हाळ्यात कूलंट कमी असताना किंवा रेडिएटरचा पंखा नीट फिरत नसताना गाडी चालवणे, हे इंजिनाचे हेड वाकवून घेण्याचे हमखास कारण आहे.

याच रीतीतून एक गोष्ट हाती लागली. या वर्षी एप्रिलमध्ये हायवेवर ८० च्या वेगाने जातानाही शिरणाऱ्या हवेचे तापमान बाहेरच्यापेक्षा १५ अंशांनी जास्त दिसत होते. सिग्नलवर ते समजण्यासारखे आहे, पण पळत्या गाडीत एवढा फरक पडायला नको. आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याकडे जाणारी प्लॅस्टिकची नळी हाताने हलवली, तर ती सरळ निघूनच आली. गेल्या वर्षी फिल्टर बदलताना तिचे तोंड खाचेत बसवलेच नव्हते, आणि वर्षभर इंजिन समोरच्या जाळीतली ताजी हवा सोडून रेडिएटरमागची तापलेली हवा ओढत होते. ‘‘भाऊ, हिला तोंडाने श्वास घेऊच दिला नाही कोणी,’’ असे म्हणत त्यांनी ती दाबून बसवली, क्लिप लावली आणि पैसे घेतले नाहीत. मे महिन्यात पुन्हा अमरावतीला निघालो तेव्हा कोंढाळीच्या पुढच्या त्याच चढावर बाहेर ४४ अंश होते आणि पडद्यावर ४९. चौथा गिअर या वेळीही पुरला नाही, पण तिसऱ्यात ट्रक लवकर मागे पडला.