वासोट्याच्या वाटेवर आंबा दिसला की थांबा

वासोटा किल्ल्यासाठी साताऱ्याहून पहाटे निघालो. कास ओलांडून बामणोलीला पोचलो तेव्हा शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, अजून धुकं होतं. लाँचने तास-दीड तासात किल्ल्याच्या पायथ्याचं मेट इंदवली. तिथे वनखात्याकडे नोंद होते, सॅकमधलं प्लॅस्टिक मोजतात. डबे-बाटल्या घरूनच मोजक्या घ्या, ओळखपत्र विसरू नका.

इथून सगळे किल्ल्याच्या ओढीने सुटतात. मी पहिला पाऊण तास मुद्दाम रेंगाळलो. या रानाला लोक 'अस्पर्श' म्हणतात, ते मला पटत नाही. कोयनेच्या या खोऱ्यातली काही गावं धरणाच्या पाण्याने उठली, काही 1985 साली अभयारण्य झाल्यावर. ओढ्याजवळ मारुती आहे. त्याच्या पुढे झाडीत एका घराचं जोतं सापडलं, कोपऱ्याचे घडीव दगड अजून जागच्या जागी. शेजारी म्हातारा आंबा. आंबा रानात आपसूकही येतो, पण जवळ जोतं किंवा शेताचा दगडी बांध असेल तर तो कुणीतरी हाताने लावलेला समजा.

जांभूळ, अंजनी, पिसा ही या सदाहरित रानाची मूळ मंडळी. एका अंजनीला बुडापासून सात खोडं मोजली. कुऱ्हाड लागली की ती असे फुटवे काढते, म्हणजे झाडाच्या अंगावरच तोडीची नोंद. सह्याद्रीच्या उतारांवर पूर्वी कुमरी चालायची: झाडोरा तोडून जाळायचा, राखेत नाचणी-वरी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जमीन पडीक टाकायची. अशा पडीकात आधी गवत आणि रामेठा, कारवी अशी झुडपं येतात. जांभळाच्या बिया पाखरं, उदमांजरं, अस्वलं आणून टाकतात, पण कारवी दाट असली तर रोपांना ऊन मिळत नाही. सात वर्षांनी ती फुलून मरते, तेव्हा कुठे त्यांना उजेड मिळतो.

येताना लागलेलं कासचं पठार मात्र तोडीमुळे उघडं पडलेलं नाही. जांभ्यावर मातीच इतकी पातळ की मोठं झाड धरतच नाही. तिथे कृपा करून झाडं लावायला जाऊ नका, त्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळावरची, फुलंच मरतील.

गडाखालचा शेवटचा चढ उघडा आहे, माणशी 3 लिटर पाणी हवंच. पावसाळ्यात गड बंद असतो. मुक्कामाला परवानगी नाही, तेव्हा लाँचवाल्यांनी दिलेली वेळ पाळा आणि उतरताना मारुतीपाशी अर्धा तास राखून ठेवा. ऊन तिरपं झालं की जोत्यांचे दगड पाचोळ्यातूनही ओळखू येतात.