२४ पितळी ताटांसाठी १९ दिवस

पुतणीचा मुंबईहून फोन आला. "काकी, मला ब्रायडल शॉवर करायचाय, विंटेज थीमचा. पण इथे हॉलवाले सांगतात ते आकडे ऐकूनच घाम फुटतो." मी म्हटलं, ये गो हयसर, पणजीच्या काळातलं केळवण करूया तुझं. बायका २४, पैसे ९,००० आणि जागा वेंगुर्ल्याचं आमचं घर. फोटो बघून अजून चौघी-पाचजणी विचारतात, कसं जमवलंत? म्हणून लिहायला बसले. पण खरं सांगते, डोक्यातून अजून जात नाही ती एक सही.

सजावट घरातूनच निघाली. पडवीतला झोपाळा, पत्र्याच्या दोन ट्रंका, कंदील, सासूबाईंची इरकली लुगडी. अडलं ते ताटांवर. पंगत पितळी ताटांची हवी, हा माझाच हट्ट होता आणि घरात उरलेली ताटं चार. बाकीची वाडीच्या मंडळाच्या खोलीत. पूर्वी वाडीतल्या घरोघरच्या बायकांनी लग्नकार्यासाठी म्हणून ती दिलेली. पुढे स्टीलची आली आणि पितळेची पोत्यात बांधून माळ्यावर गेली. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सासूनं दिलेली सहा आसत त्येच्यात, नाव घातलेली."

मला वाटलं, जाऊन मागितली की मिळतील. चावी असलेल्या गृहस्थांनी छापील अर्ज हातात ठेवला. त्यात 'कार्याचा प्रकार' असा रकाना. लग्न, मुंज, सत्यनारायण, उत्तरकार्य. केळवण नाही. "केळवण म्हणजे घरचा जेवान. ता कार्य न्हय," ते म्हणाले. मी म्हटलं, मग लग्न लिहिते. तर लग्नाची पत्रिका जोडा म्हणाले, आणि पत्रिकेवर तारीख एप्रिलची, स्थळ मुंबईचं. अर्ज परत.

पाच दिवसांनी चिटणीस भेटले. त्यांनी 'इतर' असं हाताने लिहून घेतलं, २,००० रुपये अनामत घेतली आणि सांगितलं की आता फक्त अध्यक्षांची सही. अध्यक्ष मुंबईत! त्यांना फोन केला, ते लगेच हो म्हणाले, मेसेजवर तसं लिहूनही दिलं. तो मेसेज मी चावीवाल्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि फोन परत दिला. "कागदावर सही होयी. सहीशिवाय एकव भांडा भायर जावचा नाय."

भांडी हरवतात, मान्य. पोचे पडून परत येतात, तेही मान्य. पण मी त्याच वाडीत २६ वर्षं राहते, माझं घर त्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि मागत होते त्यातली सहा ताटं आमच्याच घरच्या बाईने दिलेली. चार खेपा झाल्या. एकदा खोली उघडी होती तर चावीवाले माळ्यावर चढायला तयार नाहीत, दुसऱ्यांदा माणूस घेऊन गेले तर खोलीला कुलूप. रात्री झोप लागेना. पुतणीला तर मी कबूल करून बसले होते.

सही शेवटी शिमग्याने दिली. अध्यक्ष चाकरमानी, होळीला आले. मी अर्ज आणि पेन पिशवीत घालून मांडावरच, म्हणजे शिमग्याच्या जागेवरच, गाठलं त्यांना. त्यांनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली, अर्धं मिनिटही लागलं नाही. अर्ज दिल्यापासून तो १९वा दिवस होता.

तेव्हा गावात कुणाकडूनही सामायिक भांडी घ्यायची असतील तर दोन महिने आधी विचारा, आणि सह्या कुणाकुणाच्या लागतात ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या. अनामतीची पावतीही मागून घ्या.

पोतं सोडलं तेव्हा ताटं काळी ठिक्कर. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून घासली, मग राखेने, आणि लगेच कोरडी पुसली. तिसरं ताट घासताना काठावर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं वर आली. सासूबाईंनी ते ताट माझ्या हातातून घेतलं, काठावरून बोट फिरवत नाव वाचलं आणि पदराने परत पुसलं. त्या दिवशी ते त्यांनी कुणाला हात लावू दिलं नाही. पुतणी जेवली ती त्याच ताटात.

ताटं आदल्या दिवशीच घासा, आमच्या खाऱ्या हवेत पितळ लगेच काळवंडतं. आणि महत्त्वाचं, कल्हई नसेल तर आंबट काही थेट वाढू नका, कळकतं. आम्ही ताटाच्या मापाची केळीची पानं कापून आत बसवली आणि सोलकढी घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्यांतून दिली. त्या करवंट्याच फोटोत सगळ्यात सुंदर आल्यात.

जेवणात काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया आणि नारळाचा गोड रस. शिरवाळे गरम असतानाच साच्यातून दाबावे लागतात, त्याला दोन दणकट बायका हव्यात.

आमंत्रणाचं सांगायचं राहिलं. पोस्टकार्डं! ५० पैशांना एक, २४ कार्डांचे १२ रुपये. शाईच्या पेनाने मी स्वतः लिहिली. मुंबईच्या मुलींनी आयुष्यात पहिल्यांदा पोस्टाने आलेलं आमंत्रण हातात धरलं. तीन आठवडे आधी टाका, आमची दोन कार्डं केळवणाच्या आदल्या दिवशी पोचली.

तारीख मार्चमध्ये धरता आली तर धरा, तेव्हा सुरंगीची फुलं असतात. कळ्या पहाटे काढतात, म्हणून वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, सांगायचा तो आदल्या संध्याकाळी. मुली तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडीला उतरून घरी आल्या तेव्हा पडवीभर वास होता. नंतर त्यांना सागरगोटे शिकवले, प्रत्येकीला उखाणा घ्यायला लावला. एकूण खर्च ८,६४० झाला, त्यात सगळ्यात मोठा वाटा फुलांचा आणि नारळांचा.

ताटं दुसऱ्याच दिवशी मोजून परत केली. अनामत मात्र अजून आलेली नाही, त्यालाही अध्यक्षांची सही लागते म्हणे. ते आता गणपतीला येतील. तेव्हा मंडळाच्या सभेत मी दुसरा अर्ज देणार आहे, रकान्यात 'केळवण' हा शब्द छापून घालण्याचा. वाडीतल्या अकरा बायकांच्या सह्या झाल्यात, सासूबाईंची सगळ्यात वर आहे.