‘आजी’ हे पद नव्हे

माझा नातू ज्या प्राथमिक शाळेत तिसरीत शिकतो, तेथे मुलांच्या आरोग्यासाठी आणि आसपासच्या कुटुंबांनी एकमेकांना ओळखावे यासाठी तीन उपक्रम सुरू करायचे, असे आम्ही काही पालकांनी व दोन आज्यांनी मिळून ठरवले. अडचण आलीच तर ती मुलांच्या कंटाळ्याची किंवा शिक्षकांच्या अपुऱ्या वेळेची असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती एका अर्जाच्या सहाव्या रकान्यात दबा धरून बसली होती. मी स्वतः अठ्ठावीस वर्षे हिशेब विभागात काढली आहेत, लोकांचे अर्धवट भरलेले अर्ज परत पाठवले आहेत, आणि तरीही सांगते की त्या ७३ दिवसांत मला जो संताप आला तो अजून पुरता निवलेला नाही.

पहिले दोन उपक्रम विनासायास मार्गी लागले. सकाळी मुलांना गटाने पायी शाळेत नेणारी ‘चालती बस’ आम्ही सुरू केली. ही कल्पना १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एंगविच्ट यांनी मांडली. तिला लागतो तो ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे आणि वेळेवर येणारी मोठी माणसे. सहा मुलांमागे एक मोठे माणूस आणि चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तिघांमागे एक, हे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सुचवलेले प्रमाण आम्ही पाळले. दुसरा उपक्रम शाळेच्या वेळेतला: रोज पंधरा मिनिटे सर्व मुलांनी मैदानाला फेऱ्या घालायच्या, हवे त्याने धावावे, हवे त्याने चालावे. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग येथील प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी २०१२ मध्ये हे सुरू केले आणि ‘डेली माइल’ या नावाने ते पुढे अनेक देशांत पोहोचले. त्यात कपडे बदलायचे नसतात, साहित्य लागत नाही आणि कोणाचा पहिला क्रमांक काढायचा नसतो. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आठवड्याभरात होकार दिला.

तिसरा उपक्रम माझा लाडका होता. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर पाऊण तास मैदान कुटुंबांसाठी मोकळे ठेवायचे. मुलांनी दोरीवरच्या उड्या, चेंडू, पकडापकडी असे हवे ते खेळावे, मोठ्यांनी कडेने चालावे किंवा नुसते बसून गप्पा माराव्यात, आणि कोणीही भाषण करू नये. शाळेच्या दारात मुलाला सोडून धावतपळत निघून जाणाऱ्या पालकांना एकमेकांचे चेहरे माहीत असतात, पण नावे माहीत नसतात, हे मला फार दिवस खुपत होते. परंतु शाळा सुटल्यानंतरचे मैदान मुख्याध्यापिकांच्या अखत्यारीत नव्हते. त्यासाठी व्यवस्थापनाच्या कार्यालयाकडे चार पानी अर्ज करावा लागत होता.

त्या अर्जाचा सहावा रकाना ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ असा होता आणि त्याखाली तीन चौकोन होते: क्रीडा, सांस्कृतिक, खासगी. आमचा उपक्रम यांपैकी काहीच नव्हता. मी चौकोनांच्या शेजारी सुवाच्य अक्षरात ‘आरोग्य व परिसरातील कुटुंबांचा सहभाग’ असे लिहिले आणि त्यातल्या त्यात जवळचा म्हणून ‘क्रीडा’वर खूण केली. नऊ दिवसांनी अर्ज परत आला. क्रीडा असेल तर प्रमाणित प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र जोडावे, असा शेरा होता. दोरीवरून उड्या मारणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला प्रमाणित प्रशिक्षक कशासाठी, हे मी खिडकीशी जाऊन विचारले, तेव्हा ‘मग ते क्रीडा नाही’ असे उत्तर मिळाले, आणि ते तर्काला धरूनच होते, याची मला अधिक चीड आली.

दुसऱ्या खेपेस ‘सांस्कृतिक’वर खूण केली. बारा दिवसांनी प्रमुख पाहुण्यांचे नाव, कार्यक्रमपत्रिका आणि ध्वनिक्षेपकाचा तपशील मागवण्यात आला. मी ‘प्रमुख पाहुणे नाहीत, पत्रिका नाही, ध्वनिक्षेपक नाही’ असे तिन्ही ठिकाणी लिहून दिले, तर रकाने रिकामे ठेवले नसले तरी माहिती अपूर्ण आहे, असे सांगण्यात आले. याच फेरीत आणखी एक गंमत झाली. अर्जाला जोडलेल्या टिपणात मी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस उद्धृत केली होती, की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार शारीरिक हालचाल मिळावी. कोणीतरी त्या ६० या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढून समासात लिहिले होते: ‘मैदानाची मागणी ४५ मिनिटांची. विसंगती स्पष्ट करावी.’ ही साठ मिनिटे एका दमात भरायची नसतात, सकाळचे चालणे, दुपारच्या फेऱ्या आणि इतर खेळ मिळून ती होतात, असे एक पान मला वेगळे लिहून द्यावे लागले. (टिपणात शिफारशी जोडण्याचा मोह आवरावा, असे मी आता सर्वांना सांगते. जितके आकडे द्याल तितकी लाल वर्तुळे येतात.)

तिसऱ्या खेपेपर्यंत अर्ज पाहणारे ज्येष्ठ लिपिक रजेवर गेले होते आणि त्यांच्या जागी बसलेले गृहस्थ अगत्याचे, पण निर्णय न घेणारे होते. त्यांनी माझा अर्ज पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला आणि अकराव्या रकान्यावर बोट ठेवले. ‘जबाबदार व्यक्तीचे नाव व पद’ या रकान्यात मी माझे नाव आणि पुढे ‘आजी’ असे लिहिले होते.

“आजी हे पद नव्हे,” ते म्हणाले.

“मग काय लिहू?”

“तुम्ही कोणत्या समितीवर आहात का?”

“नाही.”

“तर मग तुम्ही खासगी व्यक्ती झालात. खासगी चौकोनावर खूण करा. पण त्याला भाडे आणि अनामत रक्कम पडते.”

आपल्याच नातवाच्या शाळेत मुलांना खेळू द्यावे म्हणून मी भाडे भरणार नव्हते. मी उठले, आणि उठताना असे काही बोलले जे येथे लिहिणे शोभणार नाही. घरी येऊन तारखांची वही काढली. पहिल्या अर्जापासून चाळीस दिवस झाले होते आणि मुलांनी रंगवलेला ‘मोकळे मैदान’ हा फलक कपाटामागे धूळ खात होता. आम्ही तो फार लवकर करून घेतला, ही चूक मात्र माझी. परवानगी हातात येण्याआधी मुलांना सांगू नये, कारण मग दर शुक्रवारी त्यांना तोंड द्यावे लागते, आणि ते काम खिडकीवरच्या माणसाला नव्हे, आपल्याला करावे लागते.

वाट दाखवली ती मुख्याध्यापिकाबाईंनी, आणि तीही सहज बोलण्याच्या ओघात. त्या म्हणाल्या की तो अर्ज बाहेरच्यांनी आवार वापरण्यासाठी आहे. उपक्रम शाळेचाच असेल आणि वार्षिक नियोजनात त्याची नोंद असेल, तर अर्ज लागतच नाही. मला हे पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर! परंतु खरे सांगायचे तर मीही विचारले नव्हते. खिडकीशी गेले आणि ‘मैदान हवे आहे’ म्हणाले, म्हणून मैदानाचा अर्ज मिळाला. वार्षिक नियोजनात परिच्छेद घालण्यासाठी पालक-शिक्षक संघाचा ठराव हवा होता, संघाची बैठक तीन महिन्यांतून एकदा होत होती, आणि नशिबाने पुढची बैठक तीनच आठवड्यांवर होती. ठराव मांडायला आणि मंजूर व्हायला मिळून दहा मिनिटे लागली.

त्या दहा मिनिटांतच, चाळीस दिवसांत कोणी न विचारलेला प्रश्न एका वडिलांनी विचारला: एखादे मूल पडले आणि त्याचे डोके फुटले, तर तेथे कोण असेल? मला वाटते कार्यालयालाही मनातून हेच विचारायचे होते, पण त्यांच्या अर्जात त्यासाठी चौकोन नव्हता, म्हणून ते प्रशिक्षक आणि प्रमुख पाहुणे मागत राहिले. आम्ही तेथेच ठरवले की कोणतेही मूल मोठ्या माणसाशिवाय येणार नाही आणि ज्याचे मूल त्याची देखरेख. प्रथमोपचाराची पेटी फाटकाशी राहील. दोन पालक पाळीपाळीने नोंदवहीत सही करून शेवटपर्यंत थांबतील. आणि ज्यांना दमा आहे किंवा एखाद्या गोष्टीची तीव्र ॲलर्जी आहे, त्यांच्या पालकांनी औषध स्वतःजवळ ठेवावे. या चार ओळी मी पहिल्याच अर्जात लिहिल्या असत्या, तर कदाचित ती खिडकी इतकी भ्याली नसती. तुमच्याकडे कोणताही नमुना असो, या चार ओळी आधी लिहाव्यात आणि मग बाकीचे भरावे.

यानंतरचे बारा दिवस फाटकाच्या किल्लीत गेले. पहारेकऱ्यांची पाळी संध्याकाळी सहाला संपत होती, आमचा पाऊण तास त्यापुढे पंधरा मिनिटे जात होता, आणि त्या पंधरा मिनिटांसाठी किल्ली कोणाच्या ताब्यात असावी यावर तीन पत्रे झाली. शेवटी आम्ही वेळच वीस मिनिटे अलीकडे ओढली. हा तोडगा पहारेकऱ्यांनी सुचवला. त्यांना पहिल्या दिवशीच विचारायला हवे होते. शाळेतील कोणते दार केव्हा बंद होते, हे त्यांच्याइतके अचूक कोणालाच ठाऊक नसते.

प्रचाराविषयी काही लिहायला हवे, कारण पुष्कळांना तेच अवघड वाटते. आम्ही छापील पत्रके दप्तरात घालून पाठवली, ती बहुतेक दप्तरातच राहिली. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी एक टेबल टाकून उभे राहिल्याचा जो उपयोग झाला, तो कशाचाच झाला नाही. मुलांनी स्वतःच्या हाताने घरी लिहून नेलेल्या निमंत्रणाला पालक नाही म्हणू शकत नाहीत, हेही ध्यानात आले. ज्या घरांत शाळेची भाषा नीट वाचता येत नाही, त्यांच्यासाठी फलकावर घड्याळाचे आणि मैदानाचे चित्र पुरते. पत्रकात लठ्ठपणा, वजन असे शब्द घालू नयेत. पहिल्या मसुद्यात ते होते आणि एका आईने ते वाचून मूल पाठवणार नाही असे सांगितले, जे योग्यच होते. मुलांचे वजन करून तक्ता लावण्याची एक सूचना आली होती, ती मी जोरात हाणून पाडली आणि त्याचा मला अभिमान आहे. अभ्यास बुडेल म्हणणाऱ्या पालकांना मात्र चष्म्याचा मुद्दा पटला: चीनमधील ग्वांगझू येथील शाळांत रोज ४० मिनिटे जास्तीची उघड्यावर घालवणाऱ्या मुलांमध्ये तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले, असा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ज्याच्या घरात दोघांना जाड भिंगे आहेत, तो हे ऐकून घेतो.

शंभर टक्के हजेरीला बक्षीस देऊ नका. आम्ही पहिल्या महिन्यात जाहीर केले आणि तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा अंगात ताप असताना आला. आरोग्याच्या उपक्रमाला तापात आलेले मूल पाहून मला स्वतःचीच लाज वाटली. बक्षीस त्याच संध्याकाळी रद्द केले.

पहिल्या शुक्रवारी आकाश भरून आले होते आणि येणार कोण, या धास्तीने मी अर्धा तास आधी जाऊन उभी राहिले. चौदा मुले आणि अकरा मोठी माणसे आली. दोन शेजारणी एकाच इमारतीत सहा वर्षे राहत असून त्या दिवशी प्रथमच बोलल्या. माझ्या नातवाने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, मित्रांबरोबर धावत राहिला. मी कडेने फेऱ्या घातल्या आणि गुडघा दुखत असूनही सात मोजल्या.

पावसाचा निर्णय कोणी आणि किती वाजता घ्यायचा, हे आधी ठरवून ठेवावे, हे मात्र राहून गेले होते. दुसऱ्या शुक्रवारी पाऊस पडला, पाच जणांनी पाच वेगवेगळे निरोप धाडले आणि तीन कुटुंबे भिजत फाटकाशी उभी राहिली. आता दुपारी तीन वाजता एकच व्यक्ती ठरवते आणि एकच निरोप जातो. ती व्यक्ती मी आहे. नोंदवहीत माझ्या नावापुढे पदाचा रकाना आहे आणि त्यात मी दर आठवड्याला ‘आजी’ असेच लिहिते.