डोळे आलेत म्हणून घालवलेले तीन दिवस

नागपूरहून मावसबहिणीचं लग्न आटोपून परतताना स्लीपर कोचमध्ये लेन्स न काढताच झोपले. बसमध्ये हात कुठे धुणार, आणि चष्मा बॅगेच्या तळाशी. सोमवारी सकाळी पुण्यात उतरले तेव्हा उजव्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखं टोचत होतं. लेन्स काढली, डबीत टाकली आणि दुपारी पुन्हा घातली. (हे लिहितानाही लाज वाटते.)

संध्याकाळी डोळा लालभडक. आई फोनवर म्हणाली, "डोळे आले असतील गं, गुलाबपाण्याच्या घड्या ठेव." कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानेही तेच सांगून ड्रॉप दिला. दुसऱ्या दिवशी लाली चक्क उतरली. त्यात स्टेरॉइड होतं, हे नंतर कळलं. लाली उतरते, आतला संसर्ग मात्र मोकाट सुटतो.

बुधवारी ट्यूबलाइटकडेही बघवेना. आरशात पाहिलं तर बुबुळावर कणीएवढा पांढरा ठिपका. डोळे आले की चिपडं येतात, पापण्या चिकटतात. इथे तसलं काही नव्हतं. ठणका होता आणि समोरचं धूसर दिसत होतं.

डॉक्टरबाईंनी केशरी टोकाची कागदी पट्टी डोळ्याला टेकवली आणि निळा उजेड टाकला. वरचा थर निघालेली जागा त्यात हिरवी चमकते. "कॉर्नियल अल्सर आहे, बुबुळावरची जखम. लेन्सची डबी कुठाय?" मी पर्समधून काढून दिली. त्यांनी झाकण उघडून प्रकाशात धरलं. "किती दिवसांची?"

दीड वर्षाची. तीन महिन्यांत बदलायची असते.

तळाला बोट लावलं तर बुळबुळीत लागलं. जंतू त्या थरात दडून बसतात, सोल्युशन त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यात मी सोल्युशन महाग म्हणून जुनं ओतून न टाकता वर थोडं नवं भरायचे, आणि डबी बेसिनच्या नळाखाली विसळायचे. मला वाटायचं, मी फार स्वच्छ आहे. झोपेचं तर वेगळंच. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू हवेतून मिळतो. मिटलेल्या पापणीखाली तो आधीच कमी, त्यावर लेन्सचं झाकण. लेन्स घालून झोपल्याने संसर्गाचा धोका 6 ते 8 पट वाढतो म्हणे.

मग बधीर करायचा ड्रॉप घालून ठिपका पात्याने खरवडला. दुखलं नाही, पण पातं जवळ येताना दिसतं. डबीही लॅबला गेली. दोन्हीकडे एकच जीवाणू निघाला, स्यूडोमोनास. नळाच्या पाण्यातला अमिबा नाही निघाला म्हणून बाईंनाच हायसं वाटलं. त्याचे उपचार महिनोन्महिने चालतात.

पहिले 48 तास दर तासाला ड्रॉप, रात्रीसुद्धा. दोन औषधं, मध्ये पाच मिनिटं. त्यातलं एक हॉस्पिटलमध्येच जास्त तीव्र करून बनवलेलं, फ्रिजमध्ये ठेवायचं. आई कोल्हापूरहून आली आणि विरजणाच्या भांड्याशेजारी बाटली ठेवून रात्रभर गजर लावत बसली. तीन वाजता थंडगार थेंब पडला की मी शिव्या द्यायचे, ती "डोळा उघड आधी" एवढंच म्हणायची.

तीन आठवड्यांनी जखम भरली, पण बुबुळावर फूल पडलं. कडेला आहे म्हणून नजर वाचली. रात्री समोरून गाडी आली की दिवे फाकतात, एवढंच. तीन महिने नुसता चष्मा. आता लग्नकार्यापुरत्या एका दिवसाच्या लेन्स घालते, साबणाने धुतलेले हात कोरडे करून, आणि रात्री थेट कचऱ्यात.

मेडिकलवाल्याला मुद्दाम जाऊन सांगितलं, चिठ्ठीशिवाय तो ड्रॉप देऊ नका. म्हणाला, "ताई, त्याला तर रोज गिऱ्हाईक आहे."